काटा अडला तरी व्यायाम सुटू नये म्हणून

वजन कमी करायला निघालेली माणसं व्यायाम सोडतात ती साधारण ठरावीक जागी. पहिल्या आठवड्यात कोणी सोडत नाही. तिसऱ्या आठवड्यात काही गळतात, कारण पाय दुखायचे थांबलेले असले तरी घरच्यांचं कौतुकही थांबलेलं असतं. मोठी गळती होते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, काटा एकाच आकड्यावर ठाण मांडून बसतो तेव्हा. "एवढं चालतोय, तरी ढिम्म हलत नाही" हे वाक्य तोंडी आलं की पंधरा दिवसांत बूट माळ्यावर जातात.

यात आळसाचा वाटा थोडा, हिशेबातल्या घोळाचा जास्त. व्यायामाची मजुरी आपण वजनाच्या काट्याकडून घ्यायला जातो, आणि काटा हा अतिशय बेभरवशाचा मुकादम आहे. राबलात त्या दिवशी काही देत नाही आणि दांडी मारलीत त्या दिवशी उगाच खूश करतो. म्हणून सुरुवातीलाच दोन वेगळ्या वह्या करायच्या: एक व्यायामाची, एक वजनाची. एकीचं अपयश दुसरीत लिहायचं नाही. पुढे जे काही सांगितलं आहे ते या दोन वह्या कशा ठेवायच्या याबद्दलच आहे.

पहिले दोन किलो कुठे गेले

खाणं कमी केलं की पहिल्या आठ-दहा दिवसांत दीड-दोन किलो सहज उतरतात. त्यात चरबी थोडीच असते. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, मोठ्या माणसात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. भात-पोळी कमी झाली की हा साठा उतरतो आणि पाणीही जातं. मीठ-पापड-लोणचं कमी झालं असेल तर आणखी थोडं. त्यामुळे "आठवड्याला दोन किलो" हा वेग मनात बसतो आणि नंतरचा खरा वेग, म्हणजे आठवड्याला पाव ते अर्धा किलो, अपमानासारखा वाटू लागतो. पाव किलो म्हणजे रडतखडत नव्हे. ७५-८० किलोच्या, दिवसभर बैठं काम करणाऱ्या माणसाला तो टिकणारा वेग आहे.

दुसरा आकडा चालण्याचा. ७० किलोचा माणूस ४ किलोमीटर ४५ मिनिटांत चालला, तर तेवढा वेळ बसून राहिला असता त्यापेक्षा साधारण १५० कॅलरी जास्त खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज न चुकता चाललात तरी आठवड्याचे १,०५० झाले, म्हणजे जेमतेम १४० ग्रॅम. एक वडापाव साधारण ३०० कॅलरीचा, दोन दिवसांचं चालणं त्यातच गेलं. हे ऐकून हिरमोड होतो, पण ते पहिल्याच दिवशी माहीत असलेलं बरं. वजन उतरवण्याचं बरंचसं काम ताटात होतं. उतरलेलं वजन परत चढू न देणं, रक्तातली साखर ताब्यात ठेवणं, स्नायू न गमावणं ही कामं व्यायामाची. वेगळी कामं, म्हणून वेगळ्या वह्या.

वजनाची वही

काटा डिजिटल असेल तर फरशीवर ठेवा, सतरंजीवर किंवा चटईवर नको. जागा ठरवून टाका, कारण जुन्या घरात दोन फरशांवर वेगळा आकडा येतो. वेळ सकाळची, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत. रोजचं वजन लिहायचं, पण रोजच्या वजनावर मत बनवायचं नाही. रविवारी सातही आकड्यांची बेरीज करून सातने भागायचं आणि फक्त ती सरासरी मागच्या रविवारच्या सरासरीशी ताडून पाहायची.

समजा सोमवार ते रविवार असं दिसलं: ७८.४, ७८.९, ७८.१, ७८.६, ७९.२, ७८.३, ७८.०. सरासरी ७८.५. पुढचा आठवडा: ७८.२, ७८.६, ७७.९, ७८.८, ७८.०, ७७.७, ७७.६. सरासरी ७८.१. म्हणजे ४०० ग्रॅम उतरले, उत्तम चाललंय. आता हाच माणूस मनात येईल तेव्हा काट्यावर चढणारा असता, आणि पहिल्या आठवड्यात बुधवारी (७८.१) व दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी (७८.८) चढला असता, तर त्याला ७०० ग्रॅम वाढलेले दिसले असते. शरीर तेच, आठवडे तेच. व्यायाम सोडण्याचे कितीतरी निर्णय अशा दोन आकड्यांवर झालेले असतात. पहिल्या आठवड्यातला शुक्रवारचा ७९.२ बहुधा गुरुवारच्या जेवणावळीचा असणार: मीठ, उशिरा जेवण, पोटात असलेलं अन्न. चरबी एका रात्रीत सहाशे ग्रॅम वाढत नाही.

पाळी येते त्या बायकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. पाळीच्या आधीच्या आठवड्यात पाणी साठून किलोभर, कधी त्याहून जास्त वजन वाढू शकतं. त्यामुळे या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी न ताडता मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडावी. नवीन व्यायाम सुरू केल्यावरही स्नायू दुखतात तेव्हा त्यांत पाणी धरलं जातं आणि दहा-पंधरा दिवस काटा वर दिसतो. जिम लावल्यावर "वजन वाढलं" म्हणून जिम सोडणारे याच पाण्याला घाबरलेले असतात.

रोज काटा पाहून दिवस खराब जात असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. त्यानेही चालतं, फक्त निष्कर्ष महिन्याने काढायचा.

काट्याशेजारी शिंप्याची टेप ठेवा. कमरेचा घेर पंधरा दिवसांनी एकदा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पँटचा नंबर म्हणजे हा घेर नव्हे. पँट पोटाच्या खाली बसते. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात, आणि बीएमआयही (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ च्या पुढे गेला की जास्त वजन समजतात. गोऱ्या लोकांसाठीचे आकडे आपल्याला सैल पडतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच दाखला छापला होता: दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपली ठेवण काट्याला दिसत नाही. टेपला दिसते.

व्यायामाची वही

या वहीत किलो लिहायचे नाहीत. तारीख, काय केलं, किती वेळ. बस.

सगळ्यात आधी किमान मात्रा ठरवा. ती इतकी लहान हवी की लोकल चुकलेल्या, पाहुणे आलेल्या, डोकं दुखत असलेल्या दिवशीही नाही म्हणता येऊ नये. दहा मिनिटं जिन्यात वर-खाली, किंवा सहा सूर्यनमस्कार. किमान मात्रा झाली की त्या दिवसाची खूण पूर्ण. अर्धी खूण, पाऊण खूण असले प्रकार नकोत. बहुतेक दिवशी दहा मिनिटांची वीस-तीस होतातच, कारण अवघड असतं ते उठणं.

मग वेळ आणि जागा, रोजच्या एखाद्या पक्क्या गोष्टीला बांधून. "रोज सकाळी चालणार" हे ठरवणं झालं नाही. "मुलाला स्कूलव्हॅनमध्ये बसवलं की घरात न येता तिथूनच बागेला दोन फेऱ्या" हे झालं. "ऑफिसातून आल्यावर सोफ्यावर टेकायच्या आधी बूट बदलायचे" हेही झालं. कपडे रात्रीच खुर्चीवर काढून ठेवणं, बूट दाराशी, चावी बुटात, पाण्याची बाटली भरलेली. पहाटे पाच वाजता मोज्याची जोडी शोधायची वेळ आली की अंथरूण जिंकतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी कशा बसतात ते तपासलं. सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला काळ ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता, आणि व्यायामाच्या सवयीला पाणी पिण्यासारख्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणजे "२१ दिवसांत सवय लागते" या बोलण्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश व्हायचं कारण नाही. त्याच अभ्यासात मध्येच एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नव्हतं. म्हणून नियम एकच ठेवा: एक दिवस चुकला तर चुकला, लागोपाठ दोन दिवस नाही. दुसऱ्या दिवशी निदान किमान मात्रा.

घरातल्या बाईचा प्रश्न थोडा वेगळा असतो आणि त्याला प्रेरणेचा प्रश्न म्हणणं अन्यायाचं आहे. सकाळी साडेपाच ते साडेआठ डबे, पाणी, मुलांची शाळा. त्यात "लवकर उठून चालायला जा" हा सल्ला म्हणजे झोप कापा म्हणून सांगणं. झोप कापली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते. त्यांच्यासाठी डबे गेल्यानंतरची वेळ बरी, पण त्या वेळेला घरातले सगळे "तू मोकळीच आहेस ना" असं धरून चालतात. म्हणून ती वेळ कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावायची, आणि त्या अर्ध्या तासात दार, फोन, कुकर कोण बघणार ते नावानिशी ठरवायचं.

किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. सध्या काहीच करत नसाल तर पहिले दोन आठवडे रोज १५ मिनिटं, मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत ४० पर्यंत. पहिल्याच रविवारी पर्वती किंवा सिंहगड गाठणारे सोमवारी गुडघा धरून बसतात. दहा हजार पावलांचा धसका घ्यायचं कारण नाही. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. वयस्क बायकांवरच्या २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं होतं आणि साधारण ७,५०० नंतर फायदा आणखी वाढला नाही. आज ३,००० होत असतील तर या महिन्यात ४,५०० हे चांगलं लक्ष्य आहे.

वर जाणारा आकडा

काटा अडलेल्या दिवसांत टिकून राहायला सगळ्यात उपयोगी पडते ती ताकद. कारण साधं आहे. वजनाचा आकडा खाली यायला महिने लागतात, पण बैठकांचा आकडा दर आठवड्याला वर जातो, आणि तो पूर्णपणे तुमच्या हातात असतो. शिवाय नुसतं कमी खाऊन आणि चालून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. आपल्याकडे ते मुळातच कमी. चेहरा ओढल्यासारखा दिसतो, दम राहत नाही आणि लोक "आजारी होतीस का" विचारतात.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस मोकळा, प्रत्येक वेळी २५ मिनिटं. चार हालचाली पुरतात:

१. खुर्चीवरून उठबस. चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून. हात छातीवर, अंग किंचित पुढे, उठायचं, आणि तीन आकडे मोजत सावकाश बसायचं. धप्पकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया.

२. जोर. आधी भिंतीवर हात टेकवून, मग स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेवर, मग पलंगाच्या कडेवर, शेवटी जमिनीवर. कंबर खाली लोंबली की पुढची पायरी लवकर घेतली असं समजा.

३. कॅन ओढणं. ५ लिटर पाण्याचा भरलेला कॅन, म्हणजे ५ किलो. एक हात खुर्चीवर, पाठ सपाट, दुसऱ्या हाताने कॅन कमरेपर्यंत ओढायचा. दोन्ही बाजूंनी.

४. उताणं पडून, गुडघे वाकवून कंबर उचलणं. वर दोन आकडे थांबायचं.

प्रत्येकाचे तीन फेरे, फेऱ्यात ८ ते १२ वेळा, मध्ये मिनिट-दीड मिनिट विश्रांती. शेवटच्या दोन वेळा कष्टाच्या वाटायला हव्यात. तिन्ही फेऱ्यांत १२ नीट जमले, आणि तेही या व्यायामाच्या लागोपाठ दोन खेपांना, की अवघड करायचं: खुर्ची बुटकी, हातात दोन किलोची डाळीची पिशवी, जोर ओट्यावरून पलंगावर. वहीत असं दिसेल: "१२ जून. उठबस ८, ८, ७. जोर (ओटा) ६, ५, ५. कॅन ८, ८, ८. कंबर १२, १२, १०." महिन्याने हे पान उघडून आजच्या पानाशेजारी ठेवा. काटा जिथल्या तिथे असला तरी इथे काहीतरी घडलेलं असतं.

सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी ते सोडायची गरज नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा शाळाशाळांतून प्रसार केला तेव्हापासून घरात जागा न लागणारा, साहित्य न लागणारा इतका सोयीचा व्यायाम दुसरा नाही. घात होतो तो रथसप्तमीला एकदम १०८ घालण्याच्या हौसेने. मनगट आणि कंबर धरते आणि पुढचे पंधरा दिवस शून्य. ६ पासून सुरू करून आठवड्याला दोन वाढवले तर तीन महिन्यांत तिशीला पोचता. मात्र त्यात ओढण्याची हालचाल नसते, म्हणून कॅन सुटू देऊ नका.

खरंच अडलंय का, आणि कुठे

आठवड्याची सरासरी चार आठवडे हलली नाही आणि कमरेचा घेरही तोच, तर वजन अडलं म्हणायचं. त्याआधी नाही.

अडतं ते का? हलकं शरीर कमी खर्च करतं: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण २० ते ३० कॅलरी. पण खरी गोम भुकेत आहे. अमेरिकेतल्या केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार प्रत्येक उतरलेल्या किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते. पाच किलो उतरलेल्या माणसाचा हात आपसूक मोठा होतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. "मी आधीइतकंच खातो" असं तो शपथेवर सांगतो, आणि खोटं बोलत नसतो. म्हणून मन न तपासता डबे तपासायचे.

पहिला डबा तेलाचा. चौघांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल लागत असेल तर माणशी दिवसाला साधारण ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी, आणि ते ताटात कुठेच दिसत नाही. महिन्याचं तेल एकदम ओट्यावर न ठेवता आठवड्याला मोजून पाऊण लिटरची बाटली काढा, ती रविवारपर्यंत पुरवायची. फोडणी एक चमचा कमी झाल्याने भाजी बिघडत नाही. कढई जाड बुडाची हवी आणि कांदा परतताना पाण्याचा हबका द्यावा.

मग चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर: आठ चमचे, १४०-१५० कॅलरी, म्हणजे वरचं ४५ मिनिटांचं चालणं. बिनसाखरेचा जमत नसेल तर कप दोन करा; साखर अर्धी करून कप सहा झाल्याची उदाहरणं घरोघरी आहेत. मग शेंगदाणे-फुटाणे-चिवडा: येता-जाता मूठभर शेंगदाणे साधारण ३० ग्रॅम, १७० कॅलरी. वाईट पदार्थ नाही, पण वाटीत काढून खा, डब्यातून नको.

उपासाचं तर बोलायलाच नको. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. १०० ग्रॅम साबुदाणा ३५० कॅलरी, ३० ग्रॅम दाण्याचं कूट १७०, दीड मोठा चमचा तूप १८०. एका भरल्या बशीत ७००, आणि साबुदाण्यात प्रथिनं नावालाच, त्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक. वरईचा भात आणि दही, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी हे बरे. खिचडीच हवी असेल तर अर्धी बशी आणि वाटीभर दही.

भूक आवरायला प्रथिनं लागतात. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संशोधन संस्थेची सर्वसाधारण शिफारस वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. वजन उतरवताना आणि ताकदीचा व्यायाम करताना १ ते १.२ ग्रॅम धरावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. वरणभात, पोळी, बटाट्याची भाजी अशा ताटात हे भरत नाही, कारण पातळ वरणाच्या वाटीत ४-५ ग्रॅमच असतात. मटकीची घट्ट उसळ वाटीभर ७-८, अंड्यात ६, ४० ग्रॅम बेसनाचं पिठलं ८-९, ३० ग्रॅम सोयाबीन वड्या १५, १०० ग्रॅम पनीर १८-२०, बांगडा किंवा कोंबडीचा तळहाताएवढा तुकडा २० च्या आसपास. सकाळच्या कांदेपोह्यांबरोबर दोन अंडी किंवा मोड आलेली मटकी घातली तर अकराची भूक पुढे सरकते. हा बदल लहान आहे पण तेलाखालोखाल सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

हे सगळं ठीक असेल तर दिवसभराची हालचाल बघा. सकाळी तासभर चालून मग दिवसभर लिफ्ट, खुर्ची आणि रिमोट, असं अनेकांचं नकळत होतं. आणि तेही ठीक असेल, शिवाय थकवा, केस गळणं, पाळी अनियमित होणं असं काही असेल, तर थायरॉइडची तपासणी.

श्रावण ते दिवाळी

श्रावणापासून दिवाळीपर्यंतच्या तीन महिन्यांत वजन उतरवायचं लक्ष्य ठेवूच नका. ते टिकवायचं लक्ष्य ठेवा, आणि तसं वजनाच्या वहीत आधीच लिहा. नाहीतर गणपतीच्या दुसऱ्या मोदकाला "आता मोडलंच आहे तर दिवाळीनंतर बघू" हा विचार येतो, आणि दोन मोदकांनी जे बिघडलं नसतं ते त्या विचाराने बिघडतं. उकडीचा मोदक तुपासकट दीडशेच्या आसपास. दोन खाल्ले, भात कमी घेतला, प्रश्न मिटला. फराळाचा डबा दिवसभर टीपॉयवर उघडा ठेवू नका. चकली, लाडू सकाळच्या नाश्त्याऐवजी ताटलीत घेऊन बसून खा. नाश्ता झाल्यावर वर तोंडात टाकू नका. लग्नसराईतही तेच: एका गोडावर मन भरून ताव मारा, पण चाखायला म्हणून चार गोड पदार्थ नकोत.

या दिवसांत व्यायामाची वही किमान मात्रेवर चालू ठेवायची. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना उत्कंठावर्धक ऑडिओबुकं फक्त जिममध्येच ऐकायला दिली होती. ते सुरुवातीला निम्म्याने जास्त वेळा जिमला गेले, पण मध्ये थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि परिणाम ओसरला. सणाची सुट्टी तिथेही नडते. युक्ती मात्र चांगली आहे: आवडती मालिका, नाट्यसंगीत, क्रिकेटचं समालोचन, जे काही असेल ते चालतानाच ऐकायचं. वाहनांच्या रस्त्यावर एक कान मोकळा ठेवून.

पावसाची सोय मे महिन्यातच करा. टेकडीवरची वाट निसरडी होते, बागेत चिखल, आणि "आज पाऊस आहे" हे कारण जून ते सप्टेंबर पुरतं. इमारतीचा जिना कोरडा असतो. तीन-चार मजले दहा वेळा चढलात तरी भरपूर. गुडघे कुरकुरत असतील तर चढा जिन्याने आणि उतरा लिफ्टने, कारण गुडघ्याला त्रास उतरताना जास्त होतो. विदर्भात एप्रिल-मेमध्ये सहा-साडेसहाच्या आत आटपा, नाहीतर ताकदीचे दिवस वाढवून घरात पंख्याखाली करा.

सोबत, पैसे आणि लोक

सोबत असली की उठणं सोपं होतं. पण सोबती गावाला गेला की आपलंही बंद पडतं, म्हणून आधीच बोलून ठेवायचं: कोणी न आलं तरी पाच मिनिटं थांबून दुसऱ्याने निघायचं. जिमची वर्षाची फी जानेवारीतल्या सवलतीत भरू नका. महिन्याचे पैसे जास्त वाटले तरी तीन महिने महिन्यानेच भरा. जिम घरापासून किंवा ऑफिसापासून दहा मिनिटांत पोचण्यासारखी हवी. यंत्रं किती चकचकीत आहेत हा नंतरचा मुद्दा.

नातेवाइकांच्या ग्रुपवर किलोचं लक्ष्य जाहीर करणं टाळावं. दर समारंभात चौकशी होते, आणि काटा अडलेल्या महिन्यात ती झोंबते. जाहीर करायचीच तर वेळ करा: "साडेसात ते आठ मी फोन घेत नाही." "एवढ्याने काय होतंय, घ्या हो" यावर वाद घालण्यापेक्षा "थोडं नंतर घेते" म्हणून ताट सरकवणं सोपं.

खंड पडल्यावर

आजारपण, परीक्षा, घरातलं कार्य, खंड पडणारच. आठवडाभराचा खंड असेल तर नेहमीच्या दोन-तृतीयांशापासून, तीन आठवड्यांहून मोठा असेल तर निम्म्यापासून सुरू करा. गेलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येते. "सुटलेलं भरून काढतो" म्हणून दुप्पट करणारे आठवड्यात पुन्हा बंद पडतात. डेंग्यू, चिकुनगुनिया, करोना यांनंतर डॉक्टरांना विचारून, आणि सांधे दुखत असेपर्यंत फक्त चालणं.

चालताना छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी तपासून घ्यायचं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी लांब चालू नका आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच तीन चमचे साखर. वजन उतरवणारी इंजेक्शनं डॉक्टरांनी दिली असतील तर प्रथिनं आणि ताकदीचे दोन दिवस आणखीच महत्त्वाचे, कारण भूक इतकी कमी होते की स्नायू झपाट्याने जाऊ शकतात.

हवं ते वजन गाठल्यावर दोन्ही वह्या बंद करू नका. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे; निदान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेले लोक त्यात स्वतःहून नाव घालतात. त्यातले सुमारे ९० टक्के रोज सरासरी तासभर व्यायाम करतात आणि तीन-चतुर्थांश आठवड्यातून एकदा तरी काट्यावर चढतात. आपल्यापुरती गाठलेल्या वजनाच्या दीड किलो वर रेघ आखून ठेवा. सरासरी तिच्यावर गेली की तेलाच्या बाटलीपासून पुन्हा तपासणी. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर दर पाच किलो उतरल्यावर डॉक्टरांना दाखवा. जुना डोस हलक्या शरीराला जास्त होतो आणि उठताना चक्कर येते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.